मार्कोवरचा अन्याय आणि शेवटचा पाऊस

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. वडिलांबरोबर लहानपणापासून अनेकदा पाहिलेला ‘गाइड’ हा हिंदी चित्रपट तुम्हाला आवडत आला, अलीकडे आर. के. नारायण यांची मूळ कादंबरी वाचल्यावर मात्र त्यात दोन गोष्टी खटकू लागल्या. नायिका रोझीच्या नवऱ्याला, मार्कोला, विनाकारण खलनायक केले आहे आणि शेवट गरजेपेक्षा मोठा, चमत्काराच्या अंगाने जाणारा केला आहे, अशी तुमची तक्रार आहे. त्याच वेळी वहिदा रेहमान यांची रोझी पुस्तकातल्या रोझीपेक्षा सरस वाटते, हेही तुम्ही मान्य करता. मित्र म्हणतात, पुस्तक वाचणाऱ्यांचे हे नेहमीचे रडगाणे आहे. वडील म्हणतात, चित्रपट हा चित्रपट म्हणून पाहावा. असे अर्धे इकडे अर्धे तिकडे मत धरणे योग्य आहे का, असे तुम्ही विचारले आहे.

गेली सव्वीस वर्षे मी पटकथा लिहितो आणि त्यांतल्या सहा कामांत माझ्यासमोर कादंबरी होती, म्हणून उत्तर जरा विस्ताराने देतो. मत संमिश्र असणे ही तुमची अडचण आहे, असे मला वाटत नाही. तुम्ही आवडलेली एक आणि न आवडलेल्या दोन अशा तीन गोष्टी सुट्या मांडल्या आहेत आणि त्यांची बेरीज-वजाबाकी करून चित्रपटाला किती गुण द्यायचे हे ठरवू पाहत आहात, खरी अडचण तिथे आहे. मला त्या तिन्ही गोष्टी एकाच निर्णयाची फळे वाटतात. मार्कोला दोषी ठरवले म्हणून रोझी मोकळी झाली, आणि त्याच कारणाने शेवटाचा तोल ढळला. हे नाते लक्षात आले की मत संमिश्रच राहील, पण ते गोंधळलेले राहणार नाही.

काही गोष्टी माणसावर आणि परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच कबूल करतो. तुम्ही चित्रपट आधी पाहिला आणि पुस्तक नंतर वाचले; क्रम उलटा असता तर तक्रारींची यादी वेगळी झाली असती. आधी वाचणाऱ्याला बहुधा मालगुडी, नारायण यांचे ते काल्पनिक गाव, हरवल्याचे दुःख सर्वांत मोठे वाटते, तुम्ही त्याचा उल्लेख एका ओळीत उरकला आहे. दुसरे म्हणजे गाण्यांमधून कथा पुढे जाते ही आपल्याकडची रीत ज्याला मुळातच मान्य नाही, त्याच्याशी या चित्रपटाबद्दल फार बोलता येत नाही. तुम्हाला ती मान्य दिसते, म्हणून पुढचे सगळे लिहितो आहे.

आता मार्कोकडे वळू. १९५८ साली आलेल्या त्या कादंबरीत हे त्याचे खरे नावच नाही. कायम प्रवासाला निघाल्यासारखा त्याचा पोशाख पाहून राजूने, म्हणजे कथेचा नायक असलेल्या गाइडने, मनातल्या मनात त्याला मार्को पोलो ठरवले आणि आपण वाचकही त्याला राजूच्याच शब्दाने ओळखत राहिलो. हा माणूस कोरडा आहे. लेण्यांमधली भित्तिचित्रे त्याला जिवंत बायकोपेक्षा जवळची वाटतात आणि नृत्य ही त्याच्या दृष्टीने क्षुल्लक चीज आहे. पण तो बदफैली नाही. लग्न मोडते ते रोझी आणि राजू यांच्या संबंधामुळे; ती अनेक दिवस त्याच्या मागे मागे फिरून क्षमा मागते, तो एक शब्द बोलत नाही, आणि शेवटी तिला फलाटावर तशीच ठेवून तो एकटा आगगाडीत चढतो. त्याचे क्रौर्य हे एवढेच आहे. पुढे त्याचे दक्षिण भारताच्या सांस्कृतिक इतिहासावरचे पुस्तक प्रसिद्ध होते तेव्हा त्यात त्याने मालगुडी रेल्वे स्टेशनच्या राजूचे रीतसर आभार मानलेले असतात. ज्या माणसाने आपला संसार मोडला त्याचे ऋण मान्य करणारी ही ओळ मला त्या कादंबरीतली सर्वांत बोचरी ओळ वाटते. राजू ते पुस्तक रोझीपासून लपवून ठेवतो, यात सगळे आले.

दिग्दर्शक विजय आनंद यांनी १९६५ च्या हिंदी चित्रपटात हे उलटे केले. किशोर साहू यांचा मार्को लेण्यांमध्ये दुसऱ्या बाईबरोबर रोझीला सापडतो, भांडण होते आणि ती त्याला सोडून निघते. याचा फायदा उघड आहे. त्या काळचा प्रेक्षक डोळ्यांसमोर आणा: हिंदू विवाह कायद्याने घटस्फोटाची वाट उघडून जेमतेम दहा वर्षे झाली होती, पडद्यावरची नायिका नवरा सोडून दुसऱ्या पुरुषाच्या घरी राहायला जाते आहे, आणि त्या दुसऱ्या पुरुषाची भूमिका देव आनंद करताहेत. नवरा नुसता रुक्ष आहे एवढ्या कारणावर ही नायिका तीन तास प्रेक्षकांच्या मनात टिकली असती का? मला शंका आहे. म्हणून मार्कोला पापी करण्याच्या त्या निर्णयाला मी भ्याडपणा म्हणत नाही. तो व्यवहार होता, आणि पटकथा लिहिणाऱ्या प्रत्येकाला असे व्यवहार करावे लागतात.

मीही केला आहे. एका वाहिनीसाठी मी एका ग्रामीण कादंबरीवर मालिका लिहीत होतो. मूळ पुस्तकात नायिका घर सोडते, आणि तिचा नवरा वाईट नसतो. तो फक्त तिच्याकडे पाहत नसतो. ‘बायका चिडतील, नवऱ्याला एखादे व्यसन द्या,’ अशी सूचना आली आणि मी त्याला दारू दिली, वर हात उगारायलाही लावला. दोन भागांत सगळे घर तिच्या बाजूने झाले. पण त्या कादंबरीचा कळस पुढे होता: सासू आजारी पडते म्हणून ती तिची सेवा करायला परत येते आणि महिनाभर त्याच घरात वावरताना नवऱ्याच्या नजरेला नजर देऊ शकत नाही. पुस्तकात ती पाने वाचताना घसा दाटतो. आमच्या मालिकेत तो प्रसंग सपाट झाला, कारण मारकुट्या नवऱ्यासमोर तिने मान खाली घालण्याचे कारणच मी आधी काढून टाकले होते. अभिनेत्रीने मला सेटवर विचारले, ‘मी नेमकी कशाने ओशाळले आहे?’ माझ्याकडे उत्तर नव्हते.

तेव्हापासून रूपांतराचे काम आले की मी वहीच्या पानाचे दोन भाग करतो. डावीकडे काय बदलले ते लिहितो. उजवीकडे, मूळ पुस्तकातल्या पुढच्या कोणकोणत्या प्रसंगांचा भार त्या गोष्टीवर होता ते लिहितो. उजवी बाजू कोरी असेल तर बदल खुशाल करावा. भरलेली असेल तर तिथल्या प्रत्येक प्रसंगाला दुसरा आधार द्यावा लागतो, नाहीतर तो खचतो.

‘गाइड’साठी तसे पान केले तर डावीकडे येते: मार्को दोषी. उजवीकडे पहिली नोंद येते ती राजूची. कादंबरीतला राजू लबाड आहे, पण दुष्ट नाही, आणि ही लबाडी त्याच्या स्वभावाच्या मुळाशी आहे. कुणी काही विचारले तर ‘मला माहीत नाही’ असे त्याच्या तोंडून येतच नाही. समोरच्याला जे ऐकायचे आहे ते तो सांगतो. प्रवाशांना हवा तसा तो गाइड होतो, रोझीला हवा तसा रसिक होतो, आणि तुरुंगातून सुटून नदीकाठच्या पडक्या देवळाच्या पायरीवर बसलेला असताना वेलन नावाचा खेडूत त्याला साधू समजतो तेव्हा तो साधूही होतो. गाइडगिरी आणि साधूपण हा त्याच्यापुरता एकच धंदा आहे. या माणसाने दुसऱ्याचे लग्न मोडले आहे, त्या बाईच्या कमाईवर चैन केली आहे आणि तिच्या दागिन्यांच्या कागदावर खोटी सही केली आहे. या सहीमागे मत्सर, धास्ती आणि हाव यांचे असे मिश्रण आहे की त्याचे त्यालाही ते नीट सांगता येत नाही.

चित्रपटात यातली पहिली आणि सर्वांत जड गोष्ट नाहीशी होते. नवऱ्याने फसवलेल्या, विष घेण्यापर्यंत गेलेल्या बाईला राजूने आधार दिला, असे तिथे दिसते. पुढचा जुगार, दारू, खोटी सही हे सगळे ठेवले आहे, म्हणजे त्याला अगदी धुऊन काढलेले नाही. पण सहीमागे मुख्यतः मत्सर दिसतो, आणि मत्सर हा आपल्याकडे प्रेमाचाच भाऊ मानला जातो. ज्याचे पाप असे हलके केले, त्याच्यासाठी प्रायश्चित्त मात्र कादंबरीतलेच, पावसासाठीच्या उपासाचे, ठेवले गेले. तुम्हाला शेवट ‘मोठा’ वाटतो तो इथे. पाऊस फार नाही. ज्या कर्जापोटी तो पडतो ते कर्ज लहान झाले आहे.

कादंबरीचा शेवट आठवून पाहा. दुष्काळात उपासाचे संकट राजूवर गैरसमजाने येते. गावातली मारामारी थांबेपर्यंत मी जेवणार नाही, असा त्याचा निरोप वेलनचा अर्धवट भाऊ ‘पाऊस पडेपर्यंत जेवणार नाही’ असा पोचवतो. सुटका व्हावी म्हणून राजू वेलनला रात्रभर बसवून आपली सगळी कथा सांगतो, आणि कादंबरीचा प्रथमपुरुषी भाग म्हणजे ही कबुलीच आहे. ऐकून झाल्यावरही वेलन त्याला स्वामी म्हणणे सोडत नाही. अडकलेला लबाड माणूस नाइलाजाने उपास करतो आणि कुठल्यातरी क्षणी, आयुष्यात पहिल्यांदाच, पैसा आणि प्रेम यांच्या पलीकडचे काही मनापासून करू लागतो. शेवटच्या ओळींत तो नदीत उभा राहून म्हणतो की डोंगरात पाऊस पडतो आहे, तो आपल्या पायांखालून वर येताना जाणवतो आहे. आणि खाली कोसळतो. पाऊस पडला का, तो मेला का, तो खरोखर साधू झाला का, यांतले काहीही नारायण सांगत नाहीत. आपल्याला शंका घ्यायला जागा राहते, कारण हा माणूस इतका लबाड होता.

चित्रपटात शंका फिटते. पाऊस कोसळतो, राजू मरतो, आई आणि रोझी तिथे पोचलेल्या असतात. मरणापूर्वी राजूचा स्वतःशीच संवाद होतो, जगण्याला चिकटलेला राजू आणि त्यातून बाहेर पडलेला राजू समोरासमोर उभे राहतात. हा संवाद मला व्यक्तिशः आवडतो. हिंदी चित्रपटात इतका उघड तात्त्विक प्रसंग इतक्या आत्मविश्वासाने क्वचितच रचला गेला असेल. मात्र तो एका वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देतो. हा माणूस खरा आहे की खोटा, असे पुस्तक विचारते. हजारो लोकांची श्रद्धा एखाद्यावर बसली तर त्या श्रद्धेने तो बदलेल का, असे चित्रपट विचारतो आणि होय म्हणतो. दुसरा प्रश्नही मोलाचा आहे. तुमच्या वडिलांना त्या प्रसंगात डोळे पुसावेसे वाटत असतील तर त्यात भाबडेपणा नाही. माझी तक्रार एवढीच की त्या प्रश्नालाही अधिक पापी राजू अधिक उपयोगी पडला असता.

इथवर मार्कोच्या बदलाने काय गेले ते सांगितले. आता काय आले ते पाहू, कारण तुमच्या आवडीचे कारण तिथेच आहे.

कादंबरीतली रोझी आपल्याला जवळजवळ पूर्णपणे राजूच्या डोळ्यांतून दिसते. ती देवदासी कुळातली आहे, अर्थशास्त्रात एम. ए. आहे, वर्तमानपत्रातली जाहिरात वाचून तिने मार्कोशी लग्न केले आहे. पण तिच्या मनात काय चालले आहे हे राजूला जेवढे कळते, किंवा कळले असे वाटते, तेवढेच आपल्यापर्यंत येते. मार्कोने सोडल्यावरही त्याच्याविषयीची एक ओढ तिच्यात शिल्लक राहते. राजूला ती समजत नाही, म्हणून ती वाचकालाही अर्धीच समजते. कादंबरीची रचना पाहता हे बरोबर आहे. पण कॅमेरा समोर आला की ही रचना मोडते. पडद्यावर बाई आली की ती कुणाच्या आठवणीतली राहत नाही, ती स्वतः तिथे असते. नागाचे डोलणे पाहून रोझीही डोलू लागते, हे पुस्तकात राजूच्या नजरेने थोडक्यात आटोपते. चित्रपटात वहिदा रेहमान गारुड्यांच्या वस्तीत त्वेषाने नाचतात आणि मार्कोने या बाईकडून काय काढून घेतले आहे हे संवादाशिवाय कळते. भरतनाट्यम शिकलेली अभिनेत्री या भूमिकेत असणे हा अलंकार नव्हता, ती कथेची गरज होती.

आणि ‘आज फिर जीने की तमन्ना है’ हे गाणे घ्या. शैलेंद्र यांचे शब्द, सचिनदेव बर्मन यांची चाल, लताबाईंचा आवाज, चितोडगडाच्या भिंतींवरून चालणारी ती बाई. हे गाणे कादंबरीतल्या रोझीला मिळूच शकले नसते. त्या वळणावर पुस्तकातली रोझी अपराधी आहे, फलाटावर सोडून दिलेली आहे. ती राजूच्या दारात येते ती हरलेली. चित्रपटातली रोझी स्वतः निघून आलेली आहे, म्हणून ती गाऊ शकते. मार्कोला दोषी केले नसते तर आपल्याकडे हे गाणे नसते. ज्या कात्रीने शेवट कापला, तिनेच ही बाई कापडातून मोकळी केली. माझ्या दृष्टीने तुमचे संमिश्र मत योग्य ठरते ते याच कारणाने. या दोन गोष्टी वेगळ्या करून एक ठेवणे आणि दुसरी टाकणे कुणालाच शक्य नव्हते.

गाण्यांचाच आणखी एक पुरावा देतो, कारण रूपांतर म्हणजे नुसते गाळणे आणि फिरवणे असे अनेकांना वाटते. यश आल्यानंतर दोघांमध्ये जे आंबत जाते, त्याला नारायण यांनी बरीच पाने दिली आहेत: हिशेब, कंटाळा, दौरे, रोझीचा वाढता अबोला. विजय आनंद यांनी हे सगळे पाठोपाठच्या दोन गाण्यांत बसवले. रंगमंचावर ती ‘मोसे छल किये जाए’ म्हणते, लगोलग तो ‘क्या से क्या हो गया’ म्हणतो. फसवल्याची तक्रार दोघांचीही आहे, आणि प्रेक्षक दोघांच्या मध्ये बसलेला आहे. मी पटकथेच्या शिबिरांत ही जोडी नेहमी दाखवतो. चाळीस पानांचे दहा मिनिटांत करताना पुस्तकातले प्रसंग निवडत बसू नये, त्या पानांतले भांडण नेमके कशाचे आहे ते शोधावे, हे मुलांना यातून लगेच समजते.

मालगुडीबद्दल थोडक्यात. चित्रपटाने कथा उचलून राजस्थानात, उदयपूरच्या परिसरात नेली. नारायण यांना ते फार लागले आणि त्यांनी त्यावर उपरोधाने लिहिलेही. त्यांचा राग समजण्यासारखा आहे, कारण राजूचे सगळे चातुर्य एका लहान स्टेशनवरच्या दुकानात घडलेले आहे आणि महालांच्या पार्श्वभूमीवर ते जरा ऐटबाज दिसते. तरीही हा बदल मी दुय्यम मानतो. माझ्या वहीत त्याची उजवी बाजू बरीचशी कोरी राहते.

एक बदल मात्र तुमच्या नजरेतून सुटला आहे, आणि मला तो मार्कोइतकाच महत्त्वाचा वाटतो. चित्रपटाच्या आरंभी राजू सुटला म्हणून त्याला न्यायला आई आणि रोझी तुरुंगाशी येतात आणि तो आधीच सुटून निघून गेल्याचे त्यांना कळते. म्हणजे पहिल्या काही मिनिटांतच त्याची वाट पाहणारे कुणीतरी आहे, हे ठरून जाते. कादंबरीतल्या राजूची कुणी वाट पाहत नाही. त्याला जाण्यासारखे घर नाही म्हणूनच तो त्या पायरीवर बसून राहतो आणि वेलनने आणलेली केळी खातो. पोटाला मिळते आहे तोवर साधू राहायला काय हरकत, असा तो हिशेब आहे. लीला चिटणीसांची आई आणि वहिदांची रोझी त्याला शोधत असताना देव आनंद त्या देवळात बसतात तेव्हा तो हिशेब मागे पडतो, आपण वैराग्य पाहू लागतो. मार्कोच्या बदलाने पाप हलके झाले होते, या आरंभाने नाइलाजही हलका झाला. मग शेवटाला पाऊस पाडण्यावाचून काही उरले नसणार.

मित्रांना काय सांगायचे ते तुम्ही ठरवालच. वडिलांशी मात्र वाद घालू नका, त्यांच्या सोबत चित्रपट पुन्हा पाहा. लेण्यांमधला तो प्रसंग आला की क्षणभर थांबवा आणि त्यांना विचारा: मार्को इथे एकटाच, भिंतीवरची चित्रे उतरवत बसलेला सापडला असता, तरीही रोझी गेली ते तुम्हाला पटले असते का? त्यांनी काय उत्तर दिले ते मला जरूर कळवा.